दुसरी-तिसरी टॅरंटुला घेताना क्रम चुकवू नका: खानदेशातल्या नवीन पाळणाऱ्यांसाठी पायरीवार

पहिली टॅरंटुला, म्हणजे पाळलेला मोठा केसाळ कोळी, रुळली, एकदा कात टाकली, नीट खायला लागली की हात शिवशिवायला लागतात. मग रात्री मोबाइलवर निळ्या-केशरी कोळ्यांचे फोटो बघणं सुरू होतं आणि पंधरा दिवसांत घरात तीन डबे वाढलेले असतात. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, इकडच्या नवीन लोकांशी बोललं की चूक जवळपास तीच दिसते, आधी रंग बघून जात ठरवायची, मग डबा शोधायचा, मग खाद्याची पळापळ, आणि एप्रिल उजाडला की कळतं आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्या जातीचं काही खरं नाही. क्रम उलटा लावायचा. आधी खोली, मग खाद्य, मग कागद, मग जात, मग तो एक विशिष्ट प्राणी, आणि रंग अगदी शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहितोय, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: पहिलीवर किती शिकलात ते तपासा

किती महिने झाले हे महत्त्वाचं नाही, काय काय बघितलं ते महत्त्वाचं. तिने तुमच्याकडे निदान दोनदा कात टाकलेली असावी. कात टाकायच्या आधी ती खाणं सोडते, पोट काळपट आणि ताणल्यासारखं चकचकीत दिसतं, केस उडालेला भाग असेल तर तो काळा पडतो, हे तुम्ही कुणाला न विचारता ओळखलेलं असावं. पाठीवर उलटी पडलेली बघून घाबरून तिला हलवली नाही, हेही त्यातच आलं. आणि एकदा तरी डबा बदललेला असावा, कारण दुसरी जात पहिलीपेक्षा चपळ निघाली तर डबा बदलतानाच भंबेरी उडते.

सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे तुमच्या हाताखाली तिने एक अख्खा खानदेशी उन्हाळा काढलाय का. काढला नसेल तर जूनचा पाऊस पडेपर्यंत थांबा, पैसे हातात असले तरी थांबा.

तपासा: शेवटचं खाद्य कधी दिलं, शेवटची कात कधी टाकली, हे तुम्हाला तारखेनिशी सांगता येतं का? येत नसेल तर आज डब्यावर कागद चिकटवा आणि लिहायला सुरुवात करा. एका डब्याचं डोक्यात राहतं, चार डब्यांचं राहत नाही.

पायरी २: खोली मोजा, अंदाज करू नका

आपल्याकडे सगळं इथेच बिघडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. परदेशातले व्हिडिओ बघून लोक हीट मॅट, म्हणजे डबा गरम ठेवणारी विजेची चटई, घ्यायला निघतात. अहो, भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, आपला प्रश्न गरम करण्याचा नाहीच. बहुतेक पाळीव जातींना २२ ते २८ अंश चांगलं, ३०-३२ पर्यंत पाणी भरलेलं असेल तर निभावतं, पण ३५ च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर अंगातलं पाणी आटायला लागतं आणि लहान पिल्लं आधी जातात.

कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि जिथे नवीन डबा ठेवणार नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवा. खोलीच्या मधोमध नको. वर स्लॅब किंवा पत्रा असेल तर दुपारी बाराचा आकडा फसवतो, दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून संध्याकाळी पाचला आणि रात्री दहाला बघा. निदान आठवडाभर रोजचा कमाल आकडा लिहून ठेवा. आणि आता दिवाळी असेल, खोली मस्त २६ दाखवत असेल, तर तो आकडा मे महिन्याचा नाही हे ध्यानात ठेवा.

जागा निवडताना तळमजला, आतली खोली, पश्चिमेची भिंत नको, खिडकीजवळ अजिबात नको. बंद प्लास्टिकच्या डब्यावर थेट ऊन पडलं तर थोड्या वेळात तो भट्टी होतो. सगळ्यात खालचा कप्पा किंवा फरशीलगतची जागा वरच्या कप्प्यापेक्षा थंड असते, त्यामुळे नवीन डबे वर आणि जुने खाली असं रचू नका, ज्या जातीला गरमी कमी झेपते ती खाली.

कूलर असेल तर चांगलंच, पण हवेचा झोत थेट डब्यांवर सोडू नका, आणि खिडक्या सगळ्या बंद करून कूलर चालवला तर खोली दमट होऊन डब्यात बुरशी धरते, एखादी खिडकी किलकिली ठेवा. लाइट गेली की काय करायचं हेही आधीच ठरवा. थर्माकोलचा एक मोठा बॉक्स, फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या, त्या टॉवेलात गुंडाळून बॉक्सच्या एका बाजूला, आणि कोळ्याचे डबे दुसऱ्या बाजूला. बाटली डब्याला टेकवायची नाही आणि झाकण पूर्ण हवाबंद करायचं नाही. त्या बॉक्समध्ये जेवढे डबे मावतात तेवढीच तुमची मर्यादा, असं मी तरी मानतो.

थंडीचंही बघा. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चांगलाच उतरतो. कोळ्याला पांघरूण लागत नाही, पण डबे बाहेरच्या भिंतीपासून आत सरकवा आणि त्या दिवसांत खाद्य कमी द्या. गरम बल्ब लावू नका, कोरडं पडतं.

सावधान: उन्हाळ्यात प्रत्येक डब्यात पाण्याची वाटी रोज बघायची. आपल्याकडच्या कोरड्या गरम हवेत छोटी वाटी एका दिवसात कोरडी पडू शकते. वाटी म्हणजे बाटलीचं झाकण चालतं, स्पंज किंवा कापूस घालायचा नाही, त्यात घाण साचते.

पायरी ३: खाद्य आणि फवारणी

मोठ्या टॅरंटुलाला दहा-पंधरा दिवसांतून एक झुरळ किंवा दोन रातकिडे पुरतात, पिल्लाला आठवड्यातून एक-दोनदा छोटा तुकडा. एकीला लागतं ते किरकोळ वाटतं, पण चार झाल्या आणि चौघींची मापं वेगळी असली की डुबिया (खाद्यासाठी वाढवायची झुरळं) किंवा मीलवर्मची (भुंग्याच्या अळ्या) स्वतःची छोटी वसाहत लागते. ती आधी लावा, दोन महिने टिकवून दाखवा, मग कोळी आणा.

शेतातले टोळ, नाकतोडे, घरातली झुरळं द्यायची नाहीत. कपाशीचा आणि केळीचा पट्टा आपला, फवारणी कधी कुठे झाली सांगता येत नाही, आणि कीटक मारायला बनवलेलं औषध कोळ्यालाही मारतं. शेतावरून फवारणी करून आलात तर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय डब्यांच्या खोलीत जाऊ नका. गुरांना गोचिडाचं औषध लावलं, कुत्र्याच्या मानेवर पिसवांचं औषध टाकलं, तरी तेच. मच्छर अगरबत्ती, लिक्विडची मशीन, झुरळांचा स्प्रे त्या खोलीत पूर्ण बंद. डासांसाठी खिडकीला जाळी आणि अंगावर मच्छरदाणी.

तपासा: दिवाळीच्या आधी घरात पेस्ट कंट्रोल करायची पद्धत असेल तर घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. आई किंवा वहिनीला न सांगता कपाटात कोळी लपवून ठेवणारे असतात, आणि मग साफसफाईच्या दिवशी कपाटात स्प्रे मारला जातो. घरात होकार नसेल तर दुसरी आणूच नका.

पायरी ४: कागद

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यात साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले, आणि असा जिवंत प्राणी जवळ असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. नवीन लोक जे सगळ्यात जास्त घेतात त्यातलेच दोन वंश, ब्रॅकिपेल्मा आणि टिलटोकॅटल, म्हणजे रेड नी आणि कर्ली हेअर, साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. त्यामुळे "छोटासा कोळी आहे, कोण विचारतं" हे चालणार नाही. विकणाऱ्याकडे नोंदणी आहे का, हस्तांतरणाचा कागद देतो का, हे पैसे देण्याआधी विचारा, आणि शंका असेल तर आपल्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारून या.

आणि सातपुड्यातून, तोरणमाळकडून, यावलच्या जंगलातून कोळी पकडून आणायचा नाही. अभयारण्यातून तर काडीही उचलायची नाही. जंगलातल्या एका मादीला मोठं व्हायला कितीतरी वर्षं लागतात, तिला डब्यात घालून आपण काही वाचवत नाही.

पायरी ५: आता जात

इथपर्यंत आलात तर तुमच्याकडे तीन गोष्टी लिहिलेल्या असतील: खोलीचा मे महिन्यातला आकडा (किंवा उन्हाळा यायचा असेल तर मागच्या मेचा प्रामाणिक अंदाज), खाद्याची सोय, आणि पहिलीवर काय काय शिकलात. आता जात निवडायची.

पहिला नियम, आशिया-आफ्रिकेतल्या जाती सध्या नको. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस उडवून स्वतःला वाचवतात, चावणं त्यांचा शेवटचा उपाय. आशिया-आफ्रिकेतल्यांकडे असे केस नसतात, त्या पळतात आणि चावतात, विषही जास्त त्रासाचं. ओबीटी, म्हणजे टेरिनोकायलस म्युरिनस, स्वस्त मिळते, केशरी सुंदर दिसते, आणि नेमकी म्हणूनच नवीन माणसाच्या घरी जाते. पीसीलोथेरिया (भारत-श्रीलंकेतला वंश) चावली तर स्नायूंचे गोळे येणं कितीतरी दिवस चालू राहू शकतं. शोभेची वस्तू म्हणून या जाती घेऊ नका.

आणि एक फसवी गोष्ट: अमेरिकेतली म्हणजे सोपी, असंही नाही. सॅल्मोपियस वंशातल्या जाती तिकडच्याच, पण त्यांना खाजरे केस नाहीत आणि वेग असा की झाकण उघडलं आणि कोळी हातावर. त्या चौथी-पाचवी म्हणून ठेवा.

मग दुसरी कोणती? माझं मत सरळ सांगतो.

पहिली कर्ली हेअर असेल तर दुसरी चाको गोल्डन नी, म्हणजे ग्रॅमोस्टोला पुलक्रिप्स, किंवा मेक्सिकन रेड नी, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोराय. दोघी जमिनीवर राहणाऱ्या, थोड्या कोरड्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) सुखी, सहसा शांत. रेड नी केस जास्त उडवते, डोळ्यात गेले तर महागात पडतं, तिच्या डब्यात तोंड घालून बघायचं नाही.

तिसरी म्हणून आपल्या हवेत मला ग्रीन बॉटल ब्लू सगळ्यात आवडते. ती व्हेनेझुएलाच्या पॅराग्वाना द्वीपकल्पातल्या कोरड्या झुडपी भागातली, कोरडं कोकोपीट, भरपूर हवा, एका कोपऱ्यात पाणी, बस. काड्या आणि सालीचे तुकडे दिले की अख्खा डबा पांढऱ्या जाळ्याने भरून टाकते. पण चपळ आहे, भित्री आहे, म्हणून दुसरी नको, तिसरीच.

कॅरिबेना व्हर्सिकलर मात्र थांबवा. पिल्लू निळं, मोठी झाली की लाल-हिरवी, सगळ्यांना तीच हवी असते. ती मार्टिनिक बेटावरची, झाडावर राहणारी, तिला ओलावाही हवा आणि खेळती हवाही हवी, आणि मे महिन्यात भुसावळच्या कोरड्या खोलीत हे दोन्ही एकत्र सांभाळणं नवीन माणसाला जमत नाही. ओलावा वाढवायला हवेची भोकं बंद केली की पिल्लू कुबट हवेत मरतं, भोकं उघडी ठेवली की सुकून मरतं. ब्राझिलियन ब्लॅकही वरच्या मजल्याच्या तापत्या खोलीत नको, ती दक्षिण ब्राझील-उरुग्वेच्या थंड गवताळ भागातली.

सावधान: "वाळवंटातली आहे, खानदेशात आरामात राहील" असं विकणारा सांगेल. अ‍ॅरिझोनातली ब्लॉन्ड टॅरंटुला वाळवंटातली खरी, पण दिवसा ती खोल बिळात असते, वरच्या उन्हात नाही. तुमच्या डब्यात तेवढं खोल बीळ कुठून येणार.

आणखी एक, सालमन पिंक बर्डइटर आणि जायंट व्हाइट नी पिल्लू असताना स्वस्त आणि सोप्या असतात, पण पाय पसरून वीस सेंटिमीटरच्या आसपास जातात. तेव्हाचा डबा कुठे ठेवणार ते आज ठरवा.

पायरी ६: पिल्लू, मध्यम की मोठी

एप्रिल-मे-जूनमध्ये पिल्लू घेऊच नका. इतर महिन्यांतही दुसरी टॅरंटुला पाच ते सात सेंटिमीटरची, मध्यम वयाची घ्या. ती एखादा दिवस तुमच्या हलगर्जीपणातून निभावते, एक सेंटिमीटरचं पिल्लू निभावत नाही.

"भाऊ, पूर्ण वाढलेली आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हटलं की आधी पुढचे पाय बघा. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची, म्हणजे स्पर्शपादांची, टोकं फुगीर आहेत का, आणि बऱ्याच जातींत पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आकड्यासारखा खिळा असतो, तो दिसतो का. दिसला तर तो वयात आलेला नर आहे, त्याचं आयुष्य बऱ्याचदा काही महिन्यांचंच उरलेलं असतं. रेड नीची मादी वीस वर्षांच्या पुढे जगू शकते, म्हणजे दहावीतल्या मुलाने घेतली तर त्याच्या लग्नाला ती घरात असेल, हेही घरी सांगून ठेवा. पिल्लाचं लिंग डोळ्याने कळत नाही, मध्यम वयाची असेल तर तिची टाकलेली कात मागा, कातीवरून जाणकार सांगू शकतो.

पायरी ७: तो एक प्राणी बघा

नाव शास्त्रीय विचारा, व्यापारी नावं एकाच वेळी तीन जातींना लावलेली असतात. मग प्रत्यक्ष किंवा दिवसाच्या उजेडात काढलेल्या ताज्या व्हिडिओत बघा. पोट पुढच्या भागाएवढं किंवा थोडं मोठं असावं, सुरकुतलेलं नसावं. पाय अंगाखाली मुठीसारखे वळलेले असतील तर तो प्राणी पाण्याविना मरायला टेकलेला आहे, घेऊ नका. तोंडाशी पांढरट चिकट काही दिसलं किंवा वास आला तर जंताची शक्यता असते, त्याला उपाय नाही. एक पाय तुटलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, काती टाकत टाकत तो परत येतो. पोटावर टक्कल असणं म्हणजे केस उडवलेत, आजार नाही.

शेवटचं खाद्य कधी, शेवटची कात कधी, हे विचारा. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पायरी ८: डबा आधी तयार

कोळी निघायच्या आधी डबा तयार, किमान आठवडाभर. पारदर्शक बरणी किंवा चौकोनी डबा, लांबी पायांच्या पसाऱ्याच्या अडीच ते तीन पट. नर्सरीतलं कोकोपीट चालतं, फक्त खत मिसळलेलं नको, आणि दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या. जमिनीवरच्या जातींसाठी कोकोपीट जास्त भरा, म्हणजे कोकोपीटपासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त राहत नाही. हे विसरतात आणि मोठा उंच टँक घेतात, मग ती काचेवर चढते, खाली पडते आणि पोट फुटतं.

हवेची भोकं तापवलेल्या सुईने दोन्ही बाजूंना, कोळ्याच्या पुढच्या कडक भागापेक्षा लहान. झाकणाला तारेची जाळी नको, नखं अडकतात.

सावधान: दोन टॅरंटुला एका डब्यात कधीही नाही, मधे पट्टी लावूनही नाही. एक दुसरीला खाते.

पायरी ९: आणणं आणि पहिला महिना

जुलै ते नोव्हेंबर हा आपल्याकडे आणण्याचा काळ. जमेल तर स्वतः जाऊन घ्या आणि रात्रीच्या प्रवासाने या. बऱ्याच कुरिअरवाल्यांना जिवंत प्राणी चालत नाहीत, आणि दुपारच्या उन्हात गोडाऊनमध्ये पडलेलं पार्सल आपल्या हातात नसतं.

घरी आल्यावर पुडी थेट नवीन डब्यात उघडायची, आणि तो डबा एका मोठ्या टबमध्ये ठेवून, म्हणजे पळालीच तर टबमध्येच. मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकं टोचायचं, हाताने ढकलायचं नाही. जवळ एक पारदर्शक ग्लास आणि जाड पुठ्ठा तयार, बाहेर आली तर वरून ग्लास, खालून पुठ्ठा. पंखा बंद, मोरीचं तोंड झाकलेलं, घरातली लहान मुलं बाहेर.

पहिला महिनाभर हा डबा जुन्या डब्यांपासून दुसऱ्या खोलीत. चिमटा वेगळा, पाण्याची बाटली वेगळी. आधी जुन्यांचं काम, मग नवीनचं, मग हात धुवायचे. डब्यात पांढरे ठिपके चालताना किंवा बारीक माशा दिसल्या तर जुन्यांजवळ नेऊ नका, कोकोपीट पूर्ण बदला.

पहिले पाच-सात दिवस खाद्य द्यायचं नाही, फक्त पाणी. मग एक छोटा किडा, चोवीस तासांत खाल्ला नाही तर काढून घ्या, कारण कात टाकायच्या बेतात असलेल्या कोळ्याला तोच किडा कुरतडतो. नुकतीच कात टाकलेली असेल तर तिने काचेवर चढून सुळे दाखवले की बघा, आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे झाल्यावरच खाद्य, मोठ्या प्राण्याला त्याला दहा-पंधरा दिवस लागू शकतात, पिल्लाला चार-पाच.

तपासा: महिन्याच्या शेवटी तिने दोनदा तरी नीट खाल्लंय का किंवा कात टाकायची चिन्हं दिसताहेत का, डबा कोरडा-स्वच्छ आहे का, कागदावर सगळ्या तारखा आहेत का. मग तिला कपाटात तिच्या ठरलेल्या कप्प्यावर न्या, थर्मामीटर त्याच कप्प्यावर ठेवा. तिसरीचा विचार पुढच्या जुलैत, मे महिन्याचे आकडे हातात आल्यावर.